ते धागे बुरशीचे नव्हते

रुग्ण 42 वर्षांची बाई, राहणार निपाणी, काम घरी बसून बिड्या वळण्याचं. तक्रार अशी: लघवीला आग, अर्ध्या अर्ध्या तासाने जाऊन यावंसं वाटणं, ओटीपोटात ठणका. ताप नाही, पाठीत कळ नाही, उलटी नाही. मधुमेह नाही, गर्भवती नाही. तीन महिन्यांतली ही चौथी खेप. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढं सगळं होतं. त्यांच्याकडे येण्याआधी बाईंनी काय गिळलं होतं, ते मात्र नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. तिथे माझी चूक झाली. औषधाने जंतूचा आकार कसा बदलतो आणि तो बदललेला आकार मी कसा चुकीचा वाचला, हे नीट मांडावं म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. बाईंनी लिहायला परवानगी दिली आहे. त्यांचं नाव देत नाही. गल्लीत सगळे त्यांना आक्का म्हणतात, मीही तेच म्हणते.

माझी लहानशी लॅब निपाणीतच आहे. मायक्रोबायोलॉजी शिकले, काही वर्षं बेळगावात नोकरी केली, मग गावात परत आले. इथे तंबाखूच्या जोरावर बाजार उभा राहिला आणि बिडीवर हजारो बायकांची घरं चालली. त्यामुळे माझ्याकडे लघवी तपासायला येणाऱ्यांत बिडी वळणाऱ्या बायका खूप. त्याचं कारण त्यांच्या कामातच आहे. तेंदूची पानं भिजवून मऊ केलेली असतात. ती कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. पानं सुकायच्या आत सूप रिकामं करायचं असतं, म्हणून बाई मांडीवरचं सूप खाली ठेवत नाही. पाणी कमी पिते, म्हणजे उठावं लागत नाही. लघवी चार-चार तास साठून राहते, आणि तेवढा वेळ मूत्राशयात शिरलेल्या जंतूंना वाढायला मोकळा मिळतो.

पहिला नमुना

डॉक्टरांनी साधी तपासणी लिहिली होती, कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहणं, नाही. लॅबमधल्या मुलाने लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, तळाचा गाळ काचेवर घेतला, 40 च्या लेन्सखाली पाहिला आणि मला हाक मारली. पस सेल्स, म्हणजे संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी, लेन्सखाली एका वेळी दिसणाऱ्या क्षेत्रात 25 ते 30, तांबड्या पेशी दोन-चार, आणि त्यांच्या मधून आडवेतिडवे गेलेले लांब, बारीक, पारदर्शक धागे. काही सरळ, काही वाकलेले. एक तर चार पस सेल्स ओलांडून गेलेला. पस सेल साधारण 10 ते 12 मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे तो धागा 40 मायक्रॉनच्या पुढे होता. लघवीत सापडणाऱ्या ई. कोलाय जंतूची लांबी असते 2 मायक्रॉनच्या आसपास. जंतू वीसपट लांब असेल हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही. धागा दिसला की बुरशी, ही सवय. काउंटरवर गर्दी होती. मी "बुरशीचे धागे आढळले" असं लिहिलं आणि सही केली.

डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टवर विश्वास ठेवून फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध दिलं. रिपोर्ट बरोबर असता तर औषधही बरोबरच होतं.

आठ दिवसांनी आक्का स्वतःच लॅबच्या दारात आल्या. "ताई, उन्हाळी काय हटंना झालीया बघा. सासूबाईंनी धण्याचं पाणी दिलं, सब्जा दिला, डॉक्टरांची गोळी बी झाली. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई."

मी त्यांना बसवलं आणि पाणी दिलं. मग मधल्या धारेची लघवी कशी घ्यायची ते नीट समजावून सांगितलं. पहिल्या वेळी तेही कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा नमुना, ग्रॅम स्टेन

या वेळी काच सुकवली, जाळावरून फिरवली आणि ग्रॅम स्टेन केला: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अ‍ॅसिटोन-अल्कोहोल, सॅफ्रॅनिन. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी 1884 मध्ये सांगितलेली, जंतू रंगवून ओळखायची ही रीत. आजही तिच्याइतकं स्वस्त आणि तिच्याइतकं बोलणारं दुसरं काही माझ्या टेबलावर नाही. काचेवर तेलाचा थेंब टाकला, 100 ची लेन्स खाली आणली.

धागे गुलाबी होते.

कॅन्डिडा बुरशी ग्रॅम स्टेनमध्ये जांभळी दिसते. तिचे धागे चांगले जाड असतात, मधेमधे आवळलेले असतात आणि आसपास कोंब फुटलेल्या अंडाकृती पेशी सापडतातच. इथे तसं काही नव्हतं. धाग्याची जाडी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सारखी, एक मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे नेमकी ई. कोलायच्या काडीइतकी. फांदी नाही, आवळलेपण नाही. आणि जरा शोधल्यावर त्याच क्षेत्रात आखूड गुलाबी काड्या दिसल्या, मग थोड्या लांब, मग त्याहून लांब, मग धागे. अगदी आखूड काडीपासून पूर्ण धाग्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकाच काचेवर होत्या. एका ठिकाणी धाग्याचा मधला भाग फुगून तांदळाच्या दाण्यासारखा झाला होता आणि तिथे रंग फिका पडला होता.

तो फुगवटा मी बराच वेळ पाहत बसले. त्या जागी भिंत कच्ची पडली होती आणि आतल्या दाबाने ती बाहेर येत होती. आक्कांच्या शरीरात काहीतरी त्या भिंतीला छळत होतं, आणि ते फ्लुकोनॅझोल नक्कीच नव्हतं. फ्लुकोनॅझोलला जंतूच्या भिंतीशी काही देणंघेणं नसतं.

लघवी सीएलईडी प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाद्य घातलेल्या थाळीवर, एक मायक्रोलिटरच्या लूपने पेरली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर 30 पिवळ्या कॉलनी, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, होत्या, लॅक्टोज आंबवणाऱ्या जंतूच्या. हिशेबाने मिलीलीटरला 30,000. पुस्तकात संसर्ग म्हणायची मोठी रेघ असते ती एक लाखावर. त्याच्या खालचा आकडा अनेक लॅबमध्ये "महत्त्वाची वाढ नाही" म्हणून सोडून दिला जातो. त्यातल्या एका कॉलनीचा ग्रॅम स्टेन केला. आखूड, जाडसर, नीटनेटक्या गुलाबी काड्या. धागा एकही नाही.

जंतू तोच होता आणि रात्रीत सरळ झाला होता. प्लेटवर जेवण होतं आणि औषध नव्हतं.

मी आक्कांना फोन लावला. "मेडिकलमधनं काही आणलेलं काय?"

"ते व्हय. आग झाली की दोन गोळ्या आणतोय. गुण येतो की लगेच."

मी विचारलं, त्याचा कागद आहे का? होता. दुपारी घेऊन आल्या. पट्टीतून कात्रीने कापलेला चौकोन, बोटाच्या पेराएवढा, एक गोळी अजून आत. नावाची पहिली अक्षरं कात्रीत गेलेली. राहिलेल्या भागावर "क्सिम", खाली 200, आणि कडेला उभी लाल रेघ. सेफिक्सिम, जंतूंवरचं अँटिबायोटिक. तीन महिन्यांत चार वेळा, दर वेळी दोन किंवा तीन गोळ्या, त्याही आग झाली तेव्हा एक, परत झाली तर दुसरी. शेवटची गोळी माझ्याकडे नमुना दिला त्याच पहाटे घेतलेली. मी पहिल्यांदा "औषधं कुठली चालू आहेत" असं विचारलं असतं, तरी उत्तर "काही नाहीत" असंच आलं असतं. मेडिकलमधल्या सुट्या गोळीला आपल्याकडे औषध म्हणत नाहीत. औषध म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं. पट्टीवरचं नाव इंग्रजीत, दुकानाच्या पाटीवर कन्नड आणि इंग्रजी, आक्का वाचतात मराठी. मग दुकानदार काय म्हणाला तेवढंच लक्षात राहतं, आणि तो म्हणाला होता "आग झाली की घ्या."

सेफिक्सिम हे शेड्यूल एच1 या सरकारी यादीतलं औषध आहे. 1 मार्च 2014 पासून नियम असा की चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही, दिलं तर डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं ठेवायची. कात्रीने कापलेला तो चौकोन माझ्या टेबलावर होता. त्याची नोंद कुठल्याही वहीत नसणार, याबद्दल मला शंका नाही.

धागा का होतो

ई. कोलायच्या भोवती पेप्टिडोग्लायकनची पिशवी असते. आमच्या बाजूला बेळगावच्या वडगाव-शहापूरचे विणकर आहेत, त्यांना हे पटकन कळेल: साखरेच्या साखळ्यांचे धागे एका दिशेने, आणि त्यांना आडवे बांधणारे लहान पेप्टाइडचे टाके दुसऱ्या दिशेने. पिशवी सलग विणलेली, तिला शिवण नाही. आत दाब इतका असतो की टाके सुटले तर जंतू फुटतो. वाढायचं तर पिशवी फाडायची नाही आणि विणत मात्र राहायचं, हे अवघड काम जंतू दर पिढीला करतो. चांगलं खाद्य मिळालं तर दर 20 मिनिटांनी. लघवीत थोडं सावकाश.

टाके घालणारे हात वेगवेगळे असतात. पेनिसिलिन त्यांनाच जाऊन चिकटतं, म्हणून त्यांना पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन, थोडक्यात पीबीपी, म्हणतात. ब्रायन स्प्रॅट यांनी 1975 मध्ये दाखवलं की ई. कोलायमध्ये या हातांची कामं वाटलेली आहेत. दोन नंबरचा हात काडी लांब ठेवतो. तो मेसिलिनाम या औषधाने अडवला की काडीचा गोळा होतो. तीन नंबरचा हात फक्त मधली भिंत घालतो, म्हणजे एका पेशीच्या दोन होताना आतून येणारा पडदा. एक नंबरवाले अडवले की भिंतच कोसळते आणि जंतू लवकर फुटतो. सेफालेक्सिन, अ‍ॅझट्रिओनाम, पिपरॅसिलिन ही औषधं आधी तीन नंबरच्या हाताला धरतात. सेफिक्सिमचीही पकड तीन नंबरवर पक्की आहे, एक नंबरवरही आहे. मात्रा भरपूर असली तर सगळेच हात अडकतात आणि जंतू फुटतो. मात्रा थोडी असली तर तिसराच हात अडतो.

तेव्हा जंतूचं खाणं चालू, डीएनएच्या प्रती निघणं चालू, बाजूच्या भिंतीचं विणणं चालू. फक्त तुटणं बंद. दिवाळीत सोऱ्यातून शेव पडत असते आणि बाई मधेमधे बोटाने तोडते. तिचा हात धरून ठेवला तर शेव पडायची थांबत नाही, लांबत जाते. तसा तो धागा. 40 मायक्रॉनच्या धाग्यात वीसेक पेशींचा ऐवज असतो, डीएनएच्या प्रती जागच्या जागी ठेवलेल्या.

पेशी तुटण्याची सुरुवात एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाने होते. ते पेशीच्या बरोबर मध्यावर आतून कडं करतं, कंबरपट्ट्यासारखं. एफटीएस या अक्षरांमागे एक गोष्ट आहे: तापमान वाढवलं की धागे होणारे जंतू प्रयोगशाळेत सापडले आणि त्यांच्यातल्या बिघडलेल्या जनुकांना हे नाव पडलं. सेफालेक्सिनसारख्या औषधाने कडं पडतं, पडदा येत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनने होणारा धागा वरून तसाच दिसतो, पण आत वेगळंच घडलेलं असतं. ते औषध डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला अडकवतं, डीएनए तुटतो, जंतूची धोक्याची घंटा वाजते. तिला एसओएस प्रतिसाद म्हणतात. त्यात सुलए हे प्रथिन तयार होतं आणि ते एफटीएसझेडला कडंच करू देत नाही. दुरुस्ती होईपर्यंत तुटायचं नाही, अशी ती सोय. म्हणून केवळ धागा पाहून औषध कुठलं ते ठरवता येत नाही. गोळीचा कागद लागतोच. शिवाय उंदरांच्या मूत्राशयावरच्या प्रयोगांत औषधाविनाही ई. कोलायचे धागे दिसले आहेत, आणि असे लांब धागे पांढऱ्या पेशींना गिळायला जड जातात. तेव्हा रिपोर्टमध्ये "अँटिबायोटिक घेतलेलं आहे" असं छातीठोक लिहिणंही चूकच. विचारायचं.

पेनिसिलिनने काड्या लांब होतात हे कळायला इतका वेळ लागला नव्हता, हे मला नंतर शोधताना वाचून वाईट वाटलं. ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन उंदरांना देऊन पाहिलं ते 1940 साल. त्याच वर्षी ए. डी. गार्डनर यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की जंतू मारायला पुरत नाही एवढ्या थोड्या पेनिसिलिनमध्येही काड्या धाग्यांसारख्या वाढतात. माणसाला हे औषध नीट मिळू लागण्याच्या आधीची ही नोंद आहे. मी परीक्षेत हे लिहिलंही असेन. काचेवर ओळखलं नाही.

तीन नळ्या

लॅबमधल्या मुलाला हे फक्त सांगून भागणार नव्हतं, आणि मलाही डोळ्यांनी पाहायचं होतं. आमच्याकडे शुद्ध पावडर नसते, पण सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं ते पाहायच्या, औषध भरलेल्या चकत्या असतात. रोजच्या तपासणीसाठी ठेवलेला एटीसीसी 25922 हा प्रमाण ई. कोलाय घेतला, ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ खाद्यात, वाढवला आणि तीन नळ्यांत 5-5 मिली वाटला. पहिल्या नळीत काही नाही. दुसरीत सेफालेक्सिनच्या 30 मायक्रोग्रॅमच्या दोन चकत्या, म्हणजे मिलीला साधारण 12 मायक्रोग्रॅम. तिसरीत क्लोरॅम्फेनिकॉलच्या तशाच दोन चकत्या. तिन्ही नळ्या 37 अंशावर.

दीड तासाने मुलाला नळ्या वर्तमानपत्रापुढे धरायला सांगितल्या. पहिलीतून अक्षरं धूसर. दुसरीतूनही धूसर, जवळपास तितकीच. तिसरीतून सुरुवातीइतकीच वाचता येत होती. तो म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या नळीत औषध चाललंच नाही."

मग काचा केल्या. पहिलीत गर्दी, आखूड काड्या. तिसरीत थोड्या आखूड काड्या, आकार जसाच्या तसा: क्लोरॅम्फेनिकॉल रायबोसोमवर बसतं, प्रथिन बनायचं थांबतं, म्हणून वाढ आणि तुटणं दोन्ही एकदम थांबतात. दुसरीत लेन्सखाली सूत सांडल्यासारखं दिसलं. मुलगा काच सरकवत राहिला, एका धाग्याचं टोक शोधत.

तिन्ही नळ्यांतलं थोडं थोडं पातळ करून प्लेटवर टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या नळीच्या प्लेटवर कॉलनी भरमसाट, दुसरीच्या त्यामानाने मोजक्या, तिसरीच्याही मोजक्याच. म्हणजे नळी गढूळ होणं आणि जंतूंची संख्या वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गढूळपणा अंगाने येतो. वीस पेशींएवढा धागा प्रकाश अडवतो वीस पेशींएवढा, पण प्लेटवर पडला की त्याची कॉलनी होते एक. आक्कांच्या प्लेटवरचे 30,000 आठवा. मूत्राशयातला जंतूंचा ऐवज त्याच्या कितीतरी पट होता आणि माझं मोजमाप धाग्याला एक म्हणून मोजत होतं. त्या दिवशी मी काचेकडे न पाहता नुसता आकडा लिहिला असता तर दुसरा रिपोर्टही चुकला असता.

दुसरी नळी तशीच ठेवली तर पुढे काय होतं तेही पाहिलं. काही तासांनी धागे मधे फुगू लागले, फुटू लागले, नळी हळूहळू निवळली. पण दीड तासाच्याच वेळी त्यातलं थोडं काढून, फिरवून, औषधाचं पाणी ओतून टाकून ताजा ब्रॉथ घातला, तेव्हा तासाभराने धाग्यांवर जागोजागी खाचा पडलेल्या दिसल्या आणि मग काड्या सुट्या झाल्या. एका धाग्याच्या कितीतरी.

हेच आक्कांच्या पोटात चाललं होतं. सेफिक्सिम रक्तात निम्मं व्हायला तीन-चार तास लागतात. सकाळी गोळी, दुपारपर्यंत जंतू लांबतात, तुटत नाहीत, काही फुटतात. आग कमी होते, "गुण येतो". रात्री औषध उतरतं. उरलेले धागे खाचा पाडून मोकळे होतात. दुसरी गोळी घेतलेली नसते, कारण गुण आलेला असतो.

सेन्सिटिव्हिटी आणि उपचार

आक्कांचा जंतू ई. कोलायच निघाला. सेफिक्सिमच्याच घराण्यातल्या सेफोटॅक्सिमच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ 14 मिलिमीटर, आणि औषध तोडणारं एन्झाइम अडवणारं क्लॅव्ह्युलॅनेट जोडलेल्या चकतीभोवती 25. पाच किंवा त्याहून जास्त फरक म्हणजे ईएसबीएल. म्हणजे सेफिक्सिमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम त्याच्याकडे होतं. तरीही धागे झाले, याचा अर्थ मी असा लावते: लघवीत औषध बरंच साचतं, चढतीच्या वेळी ते एन्झाइमला पुरून उरत होतं आणि तीन नंबरच्या हातापर्यंत पोचत होतं, पण मारण्याइतकं पोचत नव्हतं. हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनही चालत नव्हतं. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अ‍ॅमिकॅसिन चालत होती.

मी डॉक्टरांकडे स्वतः गेले. आधी पहिला रिपोर्ट चुकला हे सांगितलं, दोन्ही काचांचे फोटो दाखवले, मग दुसरा रिपोर्ट दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मूत्रपिंडं नीट आहेत ना पाहायला क्रिएटिनिन करून घेतलं, ते ठीक आलं. त्रास मूत्राशयापुरताच होता, म्हणून त्यांनी नायट्रोफ्युरँटॉइन 100 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणावर, पाच दिवस लिहिलं.

आक्कांना कसं सांगायचं याचा मी थोडा विचार केला. जंतूंना सवय लागते, कोर्स पूर्ण करा, हे त्यांनी टीव्हीवर ऐकलेलं होतं. मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. डोळा कुठे लावायचा हे जमायला वेळ लागला. मग त्या गप्प झाल्या.

"हे सगळं माझ्यातलं?"

"तुमच्यातलंच, आक्का. ह्यो बघा, ह्याला गोळी लागली, पण पुरती लागली नाही. म्हणून नुसता लांबलाय. गोळी थांबली की ह्याचे वीस होतात."

त्यांनी परत डोळा लावला. "दोऱ्यागत दिसतंय. बिडीला बांधायचा दोरा असतोय तसा." आणि मग, लेन्सवरून डोळा न काढता: "मग मी तीन महिनं ह्यास्नी पोसत हुते म्हणा की."

मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. ते खरंही होतं. त्यांच्यावर दोष टाकून मला त्यांना घरी पाठवायचं नव्हतं; आठ दिवसांची वाढीव आग माझ्या सहीने त्यांच्या वाट्याला आली होती, आणि तेही मी त्यांना सांगितलं.

पाच दिवसांच्या दहा गोळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशीच आग थांबली होती, तरी उरलेल्या घेतल्या, रिकामी पट्टी मला दाखवायला आणली. आठवड्याने लघवी पुन्हा पाहिली: पस सेल्स 2 ते 3, कल्चरवर वाढ नाही. बिड्या वळताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवतात आणि दर शंभर बिड्यांमागे घोटभर पितात, असं त्यांनीच ठरवलं. उठावं लागतं, हजार भरायला अर्धा तास जास्त लागतो. हा अर्धा तास त्यांच्या मजुरीतून जातो.

लॅबमध्ये दोन बदल केले. लघवीच्या फॉर्मवर एक ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये छापून घेतली: गेल्या पंधरा दिवसांत दुकानातून आणलेली कुठलीही गोळी घेतली का, असेल तर कागद आणा. "औषध" हा शब्द मुद्दाम टाळला. आणि पस सेल्स भरपूर असतील आणि धागे दिसले तर ग्रॅम स्टेन केल्याशिवाय बुरशी हा शब्द लिहायचा नाही. डॉक्टरांनी मागितला नसला तरी करायचा, त्याचे पैसे लावायचे नाहीत. रंगाचे चार थेंब आणि दहा मिनिटं, एवढाच खर्च आहे. ज्या लॅबमध्ये हे वाचलं जाईल तिथे कृपा करून हे सुरू करा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

गणपतीनंतर आक्कांच्या गल्लीतली एक तरुण बाई आली, आक्कांनीच पाठवलेली. हातात पिशवी, पिशवीत दोन गोळ्यांचा कापलेला चौकोन, दोन्ही गोळ्या आत तशाच. "आक्का म्हणल्या खाऊ नको, आधी ताईंना दाखव." मी लघवी घेतली, काच केली. पस सेल्स होत्या, आणि त्यांच्या मधून सगळीकडे आखूड, जाडसर, गुलाबी काड्या. लांब एकही नव्हती. कल्चरवर एक लाखाच्या पुढे वाढ आली आणि तिचा जंतू साध्या औषधांनाही दाद देणारा निघाला.